नव्याचे नऊ दिवस सरल्यावरही टिकेल अशी मनाची तंदुरुस्ती

मनाची तंदुरुस्ती म्हटलं की कायम हसतमुख, कशानेच न डगमगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. रोजच्या व्यवहारात ही तंदुरुस्ती फार साध्या ठिकाणी दिसते. कुणी टोचून बोललं तर ते डोक्यातून जायला तास लागतो की अख्खा दिवस जातो? हातात घेतलेलं काम वीस मिनिटं तरी सलग होतं का? रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दिवस संपतो, की डोक्यातली खरी वर्दळ तेव्हाच सुरू होते? या प्रश्नांची उत्तरं हळूहळू सुधारावीत, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

काय करायला हवं हे बहुतेकांना ठाऊक असतं. वेळेवर झोपावं, चालावं, फोन कमी बघावा. कळतं पण वळत नाही, अडतं ते तिथे. त्यामुळे इथे उपदेश कमी आणि वळवायचं कसं यावर भर जास्त आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट तपासा. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, रोजची कामं रेटत नसतील, तर आधी डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणंच नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका; आजच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. खाली दिलेल्या सवयी उपचारांच्या जोडीला चालतात, त्यांची जागा घेत नाहीत.

मेंदू बदलतो, पण ज्याचा सराव कराल त्यातच

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहरातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली अशा चालकांच्या मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृती आणि दिशाज्ञान सांभाळणारा भाग. या चालकांमध्ये त्याचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा होता. आता ही माणसं जन्मतःच तशी होती की अभ्यासामुळे तशी झाली? म्हणून पुढे शिकाऊ उमेदवारांचे अभ्यासाआधी आणि नंतर असे दोन्ही स्कॅन घेतले गेले. २०११ साली आलेल्या निष्कर्षांत वाढ दिसली ती परीक्षा पास झालेल्यांमध्येच.

यात एक गोम आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. एक गुंतागुंतीची आकृती बघून नंतर आठवून काढायच्या चाचणीत हेच पास झालेले चालक इतरांपेक्षा मागे पडले. रस्त्यांची स्मृती वाढली म्हणून सगळीच स्मृती वाढली, असं काही झालं नाही.

मेंदूचे व्यायाम म्हणून जे खेळ मोबाइलवर मिळतात, त्यांचं नेमकं इथेच घोडं पेंड खातं. २०१० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ११,४३० लोकांचा सहा आठवड्यांचा अभ्यास छापून आला. ज्या खेळांचा सराव केला त्यांत लोक सुधारले, पण त्या खेळांबाहेरच्या चाचण्यांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१६ साली अशाच एका प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेला) २० लाख डॉलर देऊन तडजोड केली. खेळ आवडत असतील तर खुशाल खेळा. पण शांत झोप हवी असेल तर झोपेवर काम करा आणि एकाग्रता हवी असेल तर एका जागी बसून वाचायचा सराव करा.

पहिली पायरी: सवयीला खुणेला बांधा

नवीन काम करताना कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स राबत असतो. ठरवणं, आठवण ठेवणं, मोह आवरणं, सगळा भार त्याच्यावर. दमलेल्या, झोप न झालेल्या किंवा वैतागलेल्या माणसात हाच भाग आधी माघार घेतो. म्हणून रात्री केलेला निश्चय दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. तेच काम त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा केलं, की त्याचा कारभार हळूहळू मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाकडे जातो. मग खूण दिसली की काम सुरू होतं, ठरवावं लागत नाही. गाडी चालवणाऱ्याला गिअर बदलताना विचार करावा लागत नाही, तो याचमुळे.

त्यामुळे ‘रोज व्यायाम करीन’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्यात खूणच नाही. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा वाक्यांचा बराच अभ्यास केला आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा अशा वाक्याने काम तडीस जाण्याची शक्यता वाढते असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. कागद घ्या आणि एक वाक्य लिहा:

‘रात्री दात घासून झाले की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावीन.’

या वाक्यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. खूण रोज न चुकता घडणारी आहे. दात घासायची आठवण करून द्यावी लागत नाही. खूण नेमकी आहे; ‘रात्री’ म्हटलं असतं तर रात्र नऊलाही असते आणि एकलाही. आणि काम इतकं लहान आहे की टाळायला सबब शोधावी लागेल. वाक्य लिहून झालं की चार्जर आत्ताच उचलून त्या दुसऱ्या खोलीत लावून या. ही शेवटची कृती किरकोळ वाटते, पण माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. चार्जर उशाशी राहिला तर फोनही तिथेच येणार.

किती दिवसांत सवय लागेल? २१ दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातला ‘कमीत कमी’ कधीच गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. फरक मात्र प्रचंड होता: १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर मुरली, व्यायामाने वेळ घेतला. म्हणजे नव्याचे नऊ दिवस संपले आणि उत्साह ओसरला, तर तुमच्यात काही खोट आहे असं नाही. सवय तोवर लागतच नसते.

एका वेळी एकच वाक्य. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचून एकदम पाच वाक्यं लिहायचा मोह होईल. आवरा.

दुसरी पायरी: उठायची वेळ पक्की करा

मला एकच पायरी निवडायला सांगितली तर मी हीच निवडीन, कारण झोप बिघडलेली असताना बाकीचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी ठरतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी लोकांना सलग १४ रात्री फक्त सहा तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं. झोप येते का असं विचारलं तर थोडीफार येते म्हणत. ‘मला सहा तास पुरतात’ असं म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. प्रौढांसाठी तज्ज्ञांची शिफारस किमान सात तासांची आहे.

झोप हुकमी आणता येत नाही, उठणं आणता येतं. म्हणून वेळ ठरवायची ती उठायची, आणि सुट्टीच्या दिवशीही ती तासाभरापेक्षा जास्त हलू द्यायची नाही. उठल्यावर लवकरात लवकर उजेडात जा, शक्यतो घराबाहेर. डोळ्यांतल्या काही खास पेशी उजेडाची बातमी मेंदूतल्या मुख्य घड्याळाला पोचवतात, आणि त्या रात्री झोप केव्हा येणार हे बरंचसं तिथे ठरतं. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

चहा-कॉफीतल्या कॅफीनचं गणित सोपं आहे. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याने पेंग येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. दुपारी चारला घेतलेल्या कपाचा अर्धा ऐवज रात्री नऊलाही आत असतो. दुपारनंतर बंद.

आणि अंथरुणावर तळमळत पडू नका. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. अंथरूण म्हणजे जागरण अशी जोडी मेंदूने लावली की ती सुटायला वेळ लागतो. निद्रानाशाच्या उपचारांतही हा नियम अनेक वर्षांपासून वापरला जातो. अंदाज घेण्यासाठी घड्याळ मात्र बघू नका.

रात्रपाळी किंवा तान्हं बाळ असलेल्यांना हे सगळं जमणार नाही. त्यांनी उजेड आणि कॅफीन एवढंच सांभाळलं तरी पुष्कळ.

तिसरी पायरी: उद्याची कामं आज रात्री कागदावर

अपुरी राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात, हा अनुभव सगळ्यांचाच. यावर बेलर विद्यापीठात एक नेटका प्रयोग झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, उरलेल्यांनी गेल्या काही दिवसांत पूर्ण केलेल्या कामांची. झोप कधी लागली हे डोक्याला लावलेल्या तारांवरून मोजलं. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. ज्याची यादी जास्त तपशीलवार, त्याला आणखी लवकर.

प्रयोग लहान आहे, त्यामुळे नऊ मिनिटांचा आकडा ब्रह्मवाक्य समजू नका. पण करून बघायला खर्च काहीच नाही. ‘अहवाल’ असं लिहू नका. ‘अहवालातल्या दुसऱ्या तक्त्यातले आकडे तपासायचे, सकाळी बसल्या बसल्या’ असं लिहा. पहिल्या शब्दाने डोकं पुन्हा विचार करू लागतं. दुसऱ्यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नसतं. आणि हे कागदावरच लिहा. फोनमध्ये लिहायला गेलात तर यादीच्या आधी तीन निरोप वाचून होतील.

चौथी पायरी: चाला

याबद्दल फार लिहायची गरज नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठ नागरिकांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू ४० मिनिटांपर्यंत वाढवत, भरभर चालायचा व्यायाम केला. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढलं. स्नायूंना ताण देण्याचे हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ते घटलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सुरुवात जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी करा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवा.

पाचवी पायरी: वीस मिनिटांचं लक्ष

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली सव्वादोन हजार माणसांना दिवसात अवचित वेळी फोनवर विचारलं: आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. तेव्हा लक्ष उडणं हा काही रोग नाही. ते परत आणण्याचा सराव मात्र करता येतो.

टायमर वीस मिनिटांचा लावा, फोन नजरेआड ठेवा, एकच काम घ्या. मन भटकलं हे लक्षात आलं की परत या. भटकण्यावरून स्वतःला रागावत बसलात तर ते दुसरं भटकणं. मधेच भलतंच काम आठवलं तर शेजारच्या कागदावर दोन शब्द खरडा आणि पुढे चला. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की पहिल्याचा काही अंश डोक्यात चिकटून राहतो, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली प्रयोगांतून दाखवलं आहे. दहा कामं एकदम करणारा माणूस कार्यक्षम दिसतो, असतोच असं नाही.

वाचन करत असाल तर शेवटची दोन मिनिटं पुस्तक मिटून काय वाचलं ते आठवून लिहा. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने गोष्ट जास्त दिवस टिकते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात आठवड्यानंतरच्या चाचणीत हा फरक स्पष्ट दिसला. आठवताना डोकं खाजवावं लागतं, तोच व्यायाम आहे.

सहावी पायरी: डोकं तापल्यावर

समजा, एक खोचक निरोप आला. छाती धडधडते, कान गरम होतात, बोटं उत्तर टाइप करायला लागतात. अमिग्डालाने, म्हणजे मेंदूतल्या धोका हेरणाऱ्या भागाने, घंटा वाजवली आहे आणि ॲड्रेनॅलिन काही सेकंदांत पोचलं आहे. मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण शिखरावर पोचतं ते ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ४० मिनिटांनी. म्हणजे पाच मिनिटांत ‘मी आता शांत आहे’ असं वाटलं तरी शरीर अजून चढणीवर असू शकतं. उत्तर लिहायचंच असेल तर लिहा, पण तासभर पाठवू नका.

तोवर दोन गोष्टी करता येतात. पहिली श्वासाची. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. म्हणून सोडणं लांबवायचं: नाकाने श्वास घ्या, त्यावरच आणखी एक छोटा श्वास ओढा, मग तोंडाने सावकाश, सगळा बाहेर. स्टॅनफर्डमधल्या एका अभ्यासात रोज पाच मिनिटं, महिनाभर हा श्वास करणाऱ्यांची मनःस्थिती सुधारल्याचं २०२३ साली दिसलं. गरगरलं तर थांबा.

दुसरी, भावनेला नाव द्या. ‘मला कसंतरी होतंय’ याने भागत नाही. ‘सगळ्यांदेखत चूक दाखवली, त्याचा अपमान वाटला, राग त्यानंतर आला’ असं नेमकं. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या स्कॅनमध्ये भावनेला शब्द देताना अमिग्डालाची हालचाल कमी झालेली दिसली. मनातल्या मनात म्हटलं तरी चालेल, पण मला लिहिणं जास्त उपयोगी वाटतं. लिहिताना शब्द निवडावा लागतो.

सतत काळजी करायचा स्वभाव असेल तर तिला वेळ नेमून द्या: संध्याकाळी अर्धा तास, ठरलेल्या खुर्चीवर, झोपायच्या खोलीबाहेर. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत टिपून ठेवायची, विचार संध्याकाळी. काळजी करू नकोस असं सांगून मन ऐकत नाही, नंतर कर म्हटलं तर बऱ्याचदा ऐकतं. संध्याकाळी यादी काढली की तिच्यातल्या बऱ्याच ओळी शिळ्या झालेल्या असतात.

माणसांबद्दल स्वतंत्र पायरी केलेली नाही, कारण ती या सगळ्याच पायऱ्यांत घुसवता येतात. चालायला कुणाला तरी सोबत घ्या. ज्याच्याशी बोलल्यावर हलकं वाटतं अशा एकाला आठवड्यातून एकदा ठरवून फोन करा, निरोप टाकू नका.

खंड पडला तर

पडणारच. लॅलींच्या पाहणीत एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. पण चुकलेल्या दिवसाची भरपाई करायला जाऊ नका. काल चाललो नाही म्हणून आज वीस मिनिटं, असं केलं की काम मोठं होतं आणि मोठं काम पुन्हा चुकतं. एकच सवय आठवड्यात तीनदा हुकली तर दोष खुणेत शोधा. ‘ऑफिसातून आल्यावर’ ही खूण असेल आणि येण्याची वेळ रोज वेगळी असेल, तर खूण बदला. ‘बूट काढायच्या आधी’ अशी करून पाहा.

भिंतीवर कॅलेंडर लावून फुल्या मारायच्या की नाही, हे स्वभावावर आहे. रिकामी चौकट बघून ज्याला अपराधी वाटतं त्याने त्या फंदात पडू नये. पहाटे चारला उठणं, बर्फाच्या पाण्याने अंघोळ असल्या प्रकारांची नवशिक्याला मुळीच गरज नाही.

सवय मुरली हे कसं ओळखायचं? ती करून झाल्यावर केली हे आठवायला लागतं, आणि राहिली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तिथवर आलात की दुसरं वाक्य लिहायला घ्या. क्रम झोप, यादी, चालणं, लक्ष असा ठेवलात तर बरं. श्वासाचा सराव मात्र मन शांत असतानाच करून ठेवा; डोकं तापल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर तो आठवणारही नाही.